नेम, यंत्र आणि करारनामा : ब्रिटिश आरमार व आर्गो कंपनी (१९०६–१९१३)

शस्त्रखरेदीचा इतिहास बहुधा शस्त्रांच्या इतिहासाचे परिशिष्ट म्हणून लिहिला जातो. तोफ केव्हा ओतली गेली, तिचा पल्ला किती होता आणि ती कोणत्या लढाईत वापरली गेली, याची नोंद सविस्तर असते. ती कोणत्या अटींवर विकत घेतली गेली, हा प्रश्न हिशेबनीसांकडे सोपविला जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र असा एक प्रसंग उद्भवला की, ज्यात करारनाम्याची अटच शस्त्राच्या भवितव्याची नियामक ठरली. आर्थर हंगरफर्ड पोलन यांनी ब्रिटिश आरमारापुढे मांडलेली तोफांच्या नेमनियंत्रणाची योजना आणि तिच्या खरेदीसाठी झालेले करार हा तो प्रसंग होय.

१

पोलन हे व्यवसायाने आरमारी अधिकारी नव्हते, यंत्रशास्त्रज्ञही नव्हते. खिळे जुळविणारी छपाईची यंत्रे तयार करणाऱ्या लिनोटाइप अँड मशिनरी कंपनीचे ते व्यवस्थापकीय संचालक होते. १९०० साली माल्टानजीक त्यांनी एका क्रूझरचा नेमबाजीचा सराव पाहिला. तेथे मारा होत होता तो सुमारे दीड हजार यार्डांवरून. आणि त्याच सुमारास लेडीस्मिथच्या वेढ्यात जहाजांवरून उतरविलेल्या तशाच आरमारी तोफा जमिनीवर त्याच्या कित्येकपट अंतरावर परिणामकारक ठरत होत्या. एकच तोफ जमिनीवर दूरवर मारा करते आणि समुद्रावर करू शकत नाही, याचे कारण तोफेत नसून अंतराच्या गणितात असले पाहिजे, हे त्यांनी ओळखले.

हे गणित थोडक्यात असे. गोळा हवेत असतो त्या काही सेकंदांत शत्रूचे जहाज पुढे सरकते, आपलेही जहाज सरकते. सबब आज मोजलेले अंतर गोळा पडण्याच्या क्षणी खरे राहत नाही. अंतर कोणत्या वेगाने बदलते हे कळले तरी भागत नाही, कारण तो वेगही प्रतिक्षणी बदलत असतो. पोलन यांच्या योजनेत तीन अंगे होती : जहाजाच्या डोलण्याने विचलित न होणारे अंतरमापक साधन, दोन्ही जहाजांचे मार्ग कागदावर रेखणारे यंत्र, आणि त्या रेखनावरून पुढील अंतर अखंड सांगत राहणारे ‘घड्याळ’. हे घड्याळ वेळ दाखविणारे नव्हते. ते वस्तुतः गणकयंत्र होते. फिरत्या चकतीवरील संयोग-साधनाचे तत्त्व जेम्स टॉमसन व त्यांचे बंधू लॉर्ड केल्व्हिन यांनी १८७६ मध्येच मांडले होते, आणि केल्व्हिन हे लिनोटाइप कंपनीच्या संचालकांपैकी एक होते. यंत्रांचा तपशीलवार आराखडा मुख्यतः हॅरल्ड आयशरवुड यांचा. या तीन अंगांना एकत्रितपणे पोलन यांनी ‘नेमदुरुस्ती’ अशा अर्थाचे एकच नाव दिले. या एकवचनाचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

२

सरकारी खरेदीची रूढ रीत अशी की, नमुना ठरलेला असतो, बोल्या मागविल्या जातात आणि योग्य दर देणाऱ्यास मक्ता मिळतो. ही रीत वस्तू आधीच ज्ञात असल्याचे गृहीत धरते. येथे वस्तू अस्तित्वात नव्हती, तिची कल्पना तेवढी होती. कल्पनेच्या खरेदीसाठी कायद्याने जे मार्ग उपलब्ध करून दिले होते ते अपुरे होते. १८५९ च्या कायद्यान्वये युद्धोपयोगी शोधाचे पेटंट युद्धमंत्र्यांच्या नावे करून देता येई आणि ते गुप्त राखता येई. १८६५ च्या एका निवाड्याने राजसत्तेस पेटंटधारकाचा शोध मोबदल्याविना वापरण्याची मोकळीक असल्याचे ठरले होते. १८८३ च्या पेटंट कायद्याने ती काढून घेतली आणि मोबदला परस्परसंमतीने, न जमल्यास अर्थखात्याच्या निर्णयाने, ठरावा असा दंडक घातला. तथापि ज्या खात्याने पैसा द्यावयाचा त्याच सरकारच्या दुसऱ्या खात्याने किंमत ठरवावयाची, हा न्याय शोधकास फारसा आश्वासक वाटण्याजोगा नव्हता.

दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. अशा यंत्राची परीक्षा युद्धनौकेवरच होऊ शकते, आणि युद्धनौका फक्त गिऱ्हाइकाजवळ असते. परीक्षेसाठी गुपित उघड करावे लागते. आणि गुपित एकदा उघड झाले की ते विकत घेण्याची गरज गिऱ्हाइकास उरतेच असे नाही. माहितीच्या व्यापारातील हा पेच केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६२ साली सूत्ररूपाने मांडला. पोलन यांनी तो त्यापूर्वी अर्धशतक अनुभवला.

३

१९०६ च्या कराराचे नावीन्य या पार्श्वभूमीवर लक्षात येते. तोफखान्याचे संचालक जॉन जेलिको व सर्वोच्च नौसेनाधिकारी फिशर हे दोघेही योजनेस अनुकूल होते. ठरले ते असे की, चाचणीची यंत्रे आरमारखात्याच्या खर्चाने व्हावीत. ती यशस्वी ठरल्यास योजनेची मक्तेदारी केवळ ब्रिटिश आरमारास मिळावी. तिच्याबद्दल पोलन यांना एक लक्ष पौंडांच्या घरातील रक्कम मिळावी. आणि मध्यंतरी पोलन यांनी कोणत्याही परराष्ट्राशी बोलणे करू नये. म्हणजे खात्याने येथे तीन भिन्न गोष्टींचे मोल वेगवेगळे मान्य केले : प्रयोगाचे, ज्ञानाचे आणि मौनाचे. विशेषतः तिसरी बाब अपूर्व होती. वस्तू आपणास मिळावी यासाठी सरकारे नेहमीच पैसा देत. ती इतरांस मिळू नये यासाठी द्यावयाचा पैसा हा निराळा व्यवहार होता. व्हाइटहेडचा टॉर्पीडो १८७१ मध्ये ब्रिटनने घेतला तेव्हा पंधरा हजार पौंडांत निर्मितीचा हक्क मिळाला, मक्तेदारी मिळाली नाही, आणि तेच शस्त्र लवकरच सर्व आरमारांत दिसू लागले. हा अनुभव १९०६ मध्ये ताजा नसला तरी विस्मृत झाला नव्हता.

करारातील दुर्बल जागा ‘यशस्वी’ या शब्दात होती. यशाचा निर्णय परीक्षा घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. जानेवारी १९०८ मध्ये ‘एरिॲडनी’ या क्रूझरवर चाचणी झाली. परीक्षक होते ॲडमिरल सर आर्थर विल्सन. त्यांचे साहाय्यक होते फ्रेडरिक ड्रायर, ज्यांच्या मनात स्वतःची एक प्रतिस्पर्धी पद्धत आकार घेत होती. हाताने रेखन करण्याची साधी रीत यंत्राच्या तोडीची आहे, असा विल्सन यांचा अभिप्राय पडला. मोठ्या रकमेचे वचन गळून पडले. गुप्तता राखण्याचे बंधन मात्र काही मोबदल्यासह पुढे चालू राहिले.

४

१९०९ मध्ये पोलन यांनी आर्गो कंपनी स्थापन केली. १९१० मध्ये तिला स्थिर अंतरमापकांच्या ४५ बैठकींची मागणी मिळाली. १९१२ मध्ये पाच घड्याळांची. वरकरणी हा यशाचा काळ, परंतु मागणीचे स्वरूप पाहिले तर मूळ कल्पना खंडित झालेली दिसते. पोलन विकत होते ती पद्धती. खाते विकत घेत होते ते सुटे भाग. पद्धतीस एकच नाव होते, बिलात मात्र बैठक निराळी आणि घड्याळ निराळे. सुट्या भागाचा दर शेजारच्या कारखान्यातील पितळी कामाच्या दराशी ताडून पाहता येतो; ज्याने ते भाग एकमेकांशी अर्थपूर्ण रीतीने जोडले जातात त्या ज्ञानाचा दर तसा ताडता येत नाही. खात्यास घड्याळ महाग वाटले आणि कंपनीस दर अपुरा वाटला, याचे कारण दोन्ही पक्ष एकाच शब्दाने दोन वस्तू निर्देशित होते.

दरम्यान ड्रायर यांचे ‘टेबल’ एलियट ब्रदर्सच्या कारखान्यात तयार होऊ लागले. ते सेवेतील अधिकाऱ्याचे अपत्य असल्याने त्यास मक्तेदारीची किंमत पडत नव्हती. १९१२ मध्ये खात्याने मक्तेदारीचा करार पुढे न चालविण्याचे ठरविले. १९१३ मध्ये आर्गोस परदेशी विक्रीची मोकळीक मिळाली खरी, पण काय उघड करावे व काय नाही यावरून तंटा पेटला, तो पार्लमेंटपर्यंत गेला, आणि कंपनीचे नाव मान्य पुरवठादारांच्या यादीतून काढले गेले. जिचे मौन एकेकाळी मोलाचे मानले गेले, तिला आता विनामोल मौन राखण्यास सांगितले जात होते.

५

३१ मे १९१६ रोजी जटलंडची लढाई झाली. ‘क्वीन मेरी’ या युद्धक्रूझरवर आर्गो घड्याळ होते आणि तिच्या नेमबाजीची जर्मनांनी प्रशंसा केली. तथापि ती १,२६६ जणांसह स्फोटात बुडाली. नेम चांगला असलेले जहाज दारूगोळ्याच्या हाताळणीमुळे नष्ट होऊ शकते; म्हणून पोलन यांची पद्धती सर्वत्र स्वीकारली असती तर निकाल बदलला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जॉन सुमिदा यांनी १९८९ मध्ये पोलन यांचा पक्ष समर्थपणे मांडला. जॉन ब्रूक्स यांनी २००५ मध्ये ड्रायर टेबलाचे गुण दाखवून त्यास उत्तर दिले. शोधकांना पारितोषिके देण्यासाठी नेमलेल्या राजकीय आयोगाने १९२५ मध्ये तीस हजार पौंड मंजूर केले. १९०६ च्या रकमेच्या हे एकतृतीयांशाहूनही कमी, आणि एकोणीस वर्षांनंतर.

प्रकरणाचा उत्तरार्ध अमेरिकेत घडला. हॅनिबल फोर्ड यांच्या कंपनीने अमेरिकन आरमारासाठी केलेल्या यंत्रात आपला शोध वापरला गेल्याचा दावा तेथे दाखल झाला. १९३७ मध्ये पोलन निवर्तले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने त्या यंत्राचे आराखडे लष्करी गुपित असल्याने दावेदारांस पाहता येणार नाहीत, असे ठरविले. आणि १९५३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यगुपितांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निर्णयात या निवाड्याचा आधार घेतला. आपला शोध चोरीस गेला की नाही, हे सिद्ध करण्याचे साधनच गुप्ततेने हिरावून घेतले.

या इतिहासातून खरेदीच्या तंत्राविषयी निष्पन्न होते ते इतकेच. १९०६ चा करार कल्पक होता, कारण अद्याप न घडलेल्या वस्तूचे, तिच्यातील ज्ञानाचे आणि त्या ज्ञानाच्या गुप्ततेचे मोल त्याने वेगवेगळे ओळखले. तो कोसळला, कारण यश कशास म्हणावे हे त्याने परीक्षेपूर्वी शब्दबद्ध केले नाही आणि परीक्षक व प्रतिस्पर्धी यांच्यात अंतर ठेवले नाही. विकत घ्यावयाची वस्तू जेव्हा केवळ शब्दांत अस्तित्वात असते, तेव्हा करारातील शब्दांची व्याख्या करणे हेच खरेदीचे पहिले काम होय. ते टाळल्याची किंमत मात्र बहुधा शब्द लिहिणाऱ्यांना द्यावी लागत नाही.