लम्पीची लस शोधणारे डॉ. नवीन कुमार : घोड्यांच्या संस्थेतून गायीच्या गोठ्यापर्यंत

नरसी नामदेव : 2022 चा पावसाळा पशुपालक विसरलेले नाहीत. लम्पीमुळे गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद, अन् गोठ्यात अंगभर गाठी आलेली जनावरं. तेव्हा महाराष्ट्रात टोचली गेली ती मुळात शेळ्यांच्या देवीची लस. लम्पीचा विषाणू त्याच घराण्यातला असल्याने ती उपयोगी पडली. पण लम्पीची स्वतःची देशी लस ज्यांच्या संशोधनातून उभी राहिली, त्यात डॉ. नवीन कुमार हे नाव महत्त्वाचे आहे.

रांचीचा नमुना

लम्पी हा रोग 1929 मध्ये आफ्रिकेतील झांबियात पहिल्यांदा नोंदवला गेला. भारतात तो 2019 मध्ये ओडिशात दिसला. त्याच वर्षी झारखंडमधील रांचीच्या आजारी गायींचे नमुने हरियाणातील हिस्सारला गेले. तिथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे. घोड्यांच्या केंद्रात गायीचं काय काम, असं वाटेल. पण जनावरांच्या रोगजंतूंचा राष्ट्रीय संग्रह याच केंद्रात आहे. डॉ. नवीन कुमार तिथे विषाणूंवर काम करत होते. त्यांच्या गटाने नमुन्यातून विषाणू वेगळा केला. त्याची नोंदही रांचीच्या नावानेच झाली.

लस कशी बनली?

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत हा विषाणू सोडायचा, वाढला की काढून नव्या पेशींत सोडायचा. असं एक-दोनदा नाही, तब्बल 50 वेळा केलं गेलं. विषाणू जिवंत राहिला, पण रोग करण्याची ताकद गमावून बसला. असा दुबळा विषाणू टोचला की जनावराचं शरीर खऱ्या विषाणूशी लढायला शिकतं. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने यात साथ दिली. 10 ऑगस्ट 2022 रोजी 'लम्पी-प्रोव्हॅक-इंड' या नावाने लस जाहीर झाली. डिसेंबर 2022 मध्ये तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्थेशी नागपुरात करार झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये बायोव्हेट कंपनीच्या 'बायोलम्पीव्हॅक्सिन'ला परवाना मिळाला. तिच्यातला विषाणूही हिस्सारचाच.

गुरांपलीकडचं काम

म्हशींची देवी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर अशा रोगांच्या विषाणूंवरही डॉ. कुमार यांनी काम केलं आहे. जून 2022 मध्ये हिस्सारच्याच केंद्राने कुत्रा, सिंह, बिबट्या अशा प्राण्यांसाठी कोरोनाची 'अँकोव्हॅक्स' लस आणली. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे संचालक झाले. ही संस्था माणसांच्या रोगांची. मग जनावरांचा अभ्यासक तिथे कशाला? कारण अनेक विषाणू जनावरांतूनच माणसात येतात. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातला माकडताप याच संस्थेने 1957 मध्ये शोधला. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहच्या खुणाही इथल्याच शास्त्रज्ञांना सापडल्या.

पशुपालकांनी काय लक्षात ठेवावं?

लस निरोगी जनावराला द्यायची असते. गाठी आल्यावर टोचून उपयोग नाही, तेव्हा उपचारच लागतात. लस दिल्यावर ताकद यायला साधारण 3 आठवडे जातात, म्हणून साथ गावात येण्याची वाट पाहू नये.

लम्पी माणसाला होत नाही. दूध नेहमीप्रमाणे उकळून प्यावं.

रोग पसरवतात डास, चावऱ्या माश्या अन् गोचीड. गोठा कोरडा ठेवावा, शेणमूत साचू देऊ नये. आजारी जनावर वेगळं बांधावं, त्याला बाजारात नेऊ नये. मेलेलं जनावर कयाधूच्या पात्रात किंवा ओढ्यात न टाकता खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावं.

ताप, डोळ्या-नाकातून पाणी, चारा कमी खाणं अन् अंगावर गाठी दिसल्या की पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच सांगावं. 1962 हा टोल फ्री क्रमांकही आहे. अशा रोगाची खबर देणं 2009 च्या कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. बाजारभाव पडेल म्हणून काही जण आजार लपवतात. पण रांचीत आजारी गायींचे नमुने घेतले गेले नसते, तर हिस्सारला विषाणू मिळाला नसता, अन् ही लसही झाली नसती.