घ्यायला कोण आलंय?

१९९४ च्या मार्चमध्ये दादा मला घ्यायला आला, तेव्हा माझ्याआधी माझं गाठोडं गेटवर पोचलं. भरतीच्या दिवशी अंगावर होतं ते सगळं स्टोअरमध्ये ठेवलेलं. पिवळी सुती साडी, पोलकं, रुमालाच्या गाठीत दहा पैशांची चार नाणी. चिठ्ठीवर साल १९८३. पोलक्यात दंडच शिरेना. गोळ्यांनी अंग सुटलं होतं. शेवटी वॉर्डाच्या झग्यावरच साडी गुंडाळली आणि एस.टी.त बसले.

‘घ्यायला येणं’ हा आमच्या वॉर्डातला सगळ्यात मोठा शब्द. बाहेरच्यांना ‘पाठवणं’ ठाऊक. मुंबईकडे कुणी चक्रमपणा केला की म्हणायचं, ह्याला ठाण्याला पाठवा, पुण्यात येरवड्याला. येरवड्यात तुरुंगही आहे, त्यामुळे कुठल्या दारानं ते विचारून घ्यावं. मुदतीची शिक्षा झालेल्या कैद्याला सुटकेची तारीख तरी असते.

पाठवण्याची व्यवस्था इंग्रजांनी नीट लावली. नागपूरचं इस्पितळ १८६४ चं, रत्नागिरीचं १८८६ चं, ठाण्याचं १९०१ चं. येरवड्यात तर पुढे अडीच हजारांवर खाटा झाल्या. १९२० च्या दशकात पाट्यांवरचं ‘वेड्यांचं’ गेलं, ‘मेंटल हॉस्पिटल’ आलं. कायदा मात्र १९१२ चाच राहिला, आणि मी त्याच कायद्यानं आत गेले. नातेवाइकानं मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे. अर्जदारानं अर्जाआधीच्या १४ दिवसांत त्या माणसाला स्वतः पाहिलेलं असलं पाहिजे, अशी अट होती. नवऱ्यानं ती पाळली. पुढची अकरा वर्षं मात्र त्यानं मला पाहिलं नाही.

बाहेर पडायची वाटही त्याच कायद्यात होती. ज्यानं अर्ज केला त्यानंच लेखी मागणी केली तर सोडायचं. तपासणीला येणारे तीन व्हिजिटर, त्यांत एक डॉक्टर, तेही सोडू शकत. पण सोडणार कुणाच्या हाती? माझ्या शेजारच्या खाटेवरची बाई पूर्ण बरी होती. हातमागावर तिचा धोटा माझ्यापेक्षा सरळ जायचा, वॉर्डाच्या चादरी तीच विणायची. भेटीच्या दिवशी सकाळी कुंकू लावून ती गेटकडे तोंड करून बसे. तिला घ्यायला येणारा माणूस मी असेपर्यंत आला नाही.

औषधांचा इतिहास त्या मानानं आशेचा. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरायला सुरुवात केली आणि जगभरच्या अशा वॉर्डांतला आरडाओरडा कमी झाला. आमच्याकडे त्या गोळीला लार्गॅक्टिल म्हणायचे. तिनं माझ्या कानातले आवाज लांब गेले, हे मी नाकारणार नाही. पण ती घेऊन उन्हात उभं राहिलं की कातडी भाजते. अजूनही मी पदर डोक्यावर घेतल्याशिवाय अंगणात जात नाही, आणि गावाला वाटतं मी फार मर्यादशील आहे. शॉक मात्र भूल न देता बसले. त्या पद्धतीला २०१७ च्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानं बंदी घातली.

घरी आल्यावर बरं होणं म्हणजे काय ते वहिनीच्या विळीवरून सांगते. पहिले आठ महिने ती विळी ट्रंकेत कुलपात असे. भाजी वहिनीच चिरायची. एका दुपारी तिनं मेथीची जुडी माझ्यासमोर टाकली, विळी मांडली आणि स्वतः दारात निवडायला तांदूळ घेऊन बसली. पुढच्या आठवड्यात दारात बसली नाही. मध्ये दोनदा आजार उलटला, पण विळी परत ट्रंकेत गेली नाही. वहिनीला मी त्याबद्दल कधी काही बोलले नाही, तीही नाही.

त्याच २०१७ च्या कायद्यात आणखी एक कलम आहे: घरचे नाहीत, किंवा घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणानं कुणाला इस्पितळात ठेवून घेता येणार नाही. राहायची सोय सरकारनं करायची. पुतण्यानं मला ते वाचून दाखवलं तेव्हा मी पुन्हा वाचायला लावलं. कुंकू लावून बसणारी डोळ्यांपुढे आली. तिचं वय त्या वेळीच साठीच्या पुढचं होतं.

मी अजून महिन्यातून एकदा ओपीडीला जाते. मागच्या खेपेला गेटवर नवा वॉचमन होता. साडी, पिशवी, डोक्यावर पदर बघून त्यानं रजिस्टर पुढे केलं आणि विचारलं, “मावशी, कुणाला घ्यायला आलात?”

“गोळ्या,” मी म्हटलं.