‘कागद साफ करून घेणे’ (तळटीप)

१. अमेरिकी सैन्यातून बाहेर पडताना डीडी-२१४ हा दाखला मिळतो. आजच्या नमुन्यात त्याच्या २४व्या रकान्यात सेवेचा शेरा असतो. नायकाच्या वाट्याला आलेला ‘सन्माननीयाहून इतर’ हा शेरा कोर्ट मार्शलशिवाय, नुसत्या प्रशासकीय कारवाईनेही बसतो. विनापरवाना गैरहजेरी, अमली पदार्थ ही नेहमीची कारणे. मग सरकारी खर्चाने शिकण्याची सवलत हातची जाते. दाखल्याची शेरा नसलेली छोटी प्रतही मिळते म्हणा, पण नोकरी देणारा मोठीच मागतो.

सहा महिन्यांनी शेरा आपोआप सुधारतो, ही बराकींतली जुनी वावडी. तसे काही होत नाही. १५ वर्षांच्या आत डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्डाकडे अर्ज करायचा. मुदत टळली तर सेवानोंदी दुरुस्त करणाऱ्या वरच्या मंडळाकडे. पुढे नाकासमोर चालून संसार केला, एवढ्याने सहसा भागत नाही. मूळ शेराच चुकीचा किंवा अन्यायाचा होता, हे अर्जदारानेच पटवून द्यायचे.

व्हिएतनाममध्ये लढलेल्या सैनिकांची इथेच पंचाईत झाली. युद्धाच्या मानसिक आघाताला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र नाव मिळाले १९८० साली. तोवर यांचे कागद केव्हाच खराब होऊन बसले होते. जे निदान त्या काळी अस्तित्वातच नव्हते, त्याचा पुरावा जुन्या फायलीत कुठून सापडणार? अखेर २०१४ मध्ये संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी अशा अर्जांकडे उदारपणे पाहण्याची सूचना मंडळांना दिली. २०१७ मध्ये तिची व्याप्ती वाढून मेंदूची इजा आणि सैन्यातील लैंगिक अत्याचार यांचाही स्पष्ट उल्लेख झाला. — संपा.