काशीच्या घाटांवर मराठी खुणा कुठे सापडतात?

काशी म्हटलं की विश्वनाथाचं दर्शन आणि संध्याकाळची गंगा आरती आठवते. पण घाटांवरून थोडं पायी चाललात, तर मराठी इतिहासच समोर येतो.

सुरुवात दशाश्वमेधजवळच्या अहिल्याबाई घाटापासून करा. सध्याचं विश्वनाथ मंदिर अहिल्याबाई होळकरांनीच १७८० च्या सुमारास बांधून घेतलं. गंगा उजव्या हाताला ठेवून उत्तरेकडे निघालात की मणिकर्णिका लागतो. इथे दिवसरात्र चिता जळतात. कुणाचं तरी घर दुःखात असतं, त्यामुळे मोबाईल खिशातच ठेवा.

पुढे ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी बांधलेला शिंदे घाट आहे. त्याच्या शेजारचं झुकलेलं रत्नेश्वर मंदिर वर्षातले बरेच महिने पाण्यात असतं. त्यानंतर येतो नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट.

पावसाळ्यात हे घाट पाण्याखाली जातात, म्हणून हिवाळ्यातली सकाळ उत्तम.

आणि एक लक्षात ठेवा. संत एकनाथांनी भागवताच्या अकराव्या स्कंधावरची मराठी टीका १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केली. म्हणजे होळकर, शिंदे, भोसल्यांच्या कितीतरी आधी मराठी भाषा संस्कृत पंडितांच्या या नगरीत पोचली होती.