ससाणे मळ्यातील प्लेग दवाखाना
पुण्याच्या 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई फुले व त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ चालवलेला दवाखाना. औषध जवळपास नव्हतेच. खरी अडचण होती ती अस्पृश्य रोग्याला हात कोण लावणार, ही. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन इथे आणले. त्यातच संसर्ग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्या वारल्या. पुढे प्लेग कमिटीचा प्रमुख रँड याच्या कारकिर्दीत सोजिरांच्या घरझडत्या सुरू झाल्या, तेव्हा लोक आजारी माणूस लपवू लागले. म्हणून टिळकांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग रुग्णालय काढले. रोगी आपल्या माणसाकडेच विश्वासाने येतो, हे मळ्याने आधीच ओळखले होते. फक्त ‘आपला’ कोण, याची मळ्याची व्याख्या मोठी होती.