पंचांग नव्हे, बखर

मूल व्हावे म्हणून प्रयत्न करणाऱ्या जोडप्याला एक सल्ला हमखास मिळतो: बाईने सकाळी डोळे उघडताच, अंथरूण सोडण्याआधी, जिभेखाली थर्मामीटर धरावा, पारा चढला की तोच दिवस. हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते, शरीराचे तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइट चढते आणि पाळी येईपर्यंत तिथेच राहते. डच स्त्रीरोगतज्ज्ञ व्हान द वेल्दे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच मासिक चक्रातला तापमानाचा हा चढ टिपला होता.

चूक होते ती 'सुटल्यावर' या शब्दाकडे डोळेझाक केल्याने. सुटलेले बीज फार तर 24 तास टिकते आणि पारा चढलेला दिसतो तो बहुधा त्यानंतर. विल्कॉक्स आणि सहकाऱ्यांनी 1995मध्ये 221 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिवस राहिले ते बीज सुटण्याच्या दिवशी संपणाऱ्या 6 दिवसांतल्याच संबंधांतून. शुक्राणू पाच दिवस वाट पाहतात, बीज थांबत नाही. पाऱ्याच्या भरवशावर बसणारे जोडपे गाडी सुटल्यावर फलाटावर पोचते.

यावर बचाव असा की, चढण्याआधी पारा किंचित उतरतो, ती खूण धरावी. पण ती खूण सर्वांना दिसत नाही, दर महिन्याला तर नाहीच. शिवाय सगळा खेळ थर्मामीटरच्या दोन-तीन रेघांचा. नळाला पहाटे चारला पाणी आले, रात्रपाळी लागली किंवा सर्दी झाली, की त्या दिवसाची नोंद बाद.

मग रोजच्या नोंदींचा तक्ता फाडून टाकावा? तसेही नाही. तो पंचांग नव्हे, बखर आहे. दोन-तीन महिन्यांच्या नोंदींवरून बीज सुटत असावे की नाही, याचा अंदाज मागाहून येतो. पुढचे सांगायला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला जाणारा योनिस्राव किंवा लघवीतले एलएच हे संप्रेरक तपासणारी पट्टी बरी. सर्वांत सोपे म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी संबंध. मग मुहूर्त शोधावाच लागत नाही.

आणखी एक. वर्षभरात, पस्तिशीनंतर सहा महिन्यांत, दिवस राहिले नाहीत तर दोघांनीही डॉक्टरांकडे जावे. बायको रोज पहाटे रेघा मोजते. नवऱ्याच्या वीर्यतपासणीसाठी त्या तक्त्यात रकानाच नसतो.