जागती स्टेपनी

गाडी पंक्चर झाली की आपण डिकीतून ‘स्टेपनी’ काढतो. हा शब्द मुळात वेल्समधल्या लानेल्ली गावच्या एका रस्त्याचं नाव. मोटारीबरोबर जादा चाक मिळत नसे, त्या काळात म्हणजे १९०४ मध्ये, स्टेपनी स्ट्रीटवरच्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकालाच अडकवता येईल असं हवा भरलेलं चाक तयार केलं. ते चाक कधीच मोडीत गेलं, रस्त्याचं नाव मात्र आपल्या गॅरेजात टिकलं.

सर्व्हरच्या खोलीतही माहिती साठवणाऱ्या डिस्कची एक स्टेपनी असते. तिला ‘हॉट स्पेअर’ म्हणतात. इथे गाडी थांबवायची नाही, जॅक लावायला माणूसही लागत नाही.

हिचं कूळ शोधत गेलं की आपण पोचतो कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात. १९८८ मध्ये डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना मांडणारा निबंध सादर केला. आयबीएमच्या एका अवाढव्य, महागड्या डिस्कऐवजी पीसीतल्या शंभरेक स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात, असं त्यांचं म्हणणं. अडचण एकच. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर शंभरांपैकी एखादी दर ३०० तासांनी जाणार. म्हणजे पुरते दोन आठवडेही नाहीत.

त्यावर उतारा बेरजेचा. दहा जणांची वर्गणी मांडून खाली एकूण लिहिली, की एकाचा आकडा पुसला गेला तरी बाकीचे नऊ वजा करून तो परत मिळतो. दर दहा डिस्कांमागे अकरावी असा हिशेब राखते. बिघडलेल्या डिस्कवरचा डेटा परत मिळवण्याच्या अशा पद्धतीचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन केन औची यांना १९७८ मध्येच मिळालं होतं.

पण एक गेलेली असताना त्याच गटातली दुसरी गेली, तर वजाबाकी करायची कशातून? म्हणून सगळा जीव त्या मधल्या वेळात अडकलेला. बर्कलीच्या गणितात ३०० तासांचं आयुष्य सुमारे ८,२०,००० तासांवर, म्हणजे नव्वदहून अधिक वर्षांवर गेलं, पण दुरुस्ती तासाभरात उरकते असं धरून. तीच चोवीस तासांवर गेली, तर त्याच सूत्रानं जेमतेम चार वर्षं उरतात. रात्री डिस्क गेली आणि माणूस दुसऱ्या दिवशी आला, एवढ्यानं हा फरक पडतो.

म्हणून त्या निबंधातच सुचवलं होतं: जादा डिस्क आधीच जोडून ठेवा, म्हणजे एक गेली की दुसरी विजेच्या खटक्यानं तिच्या जागी येईल. माणसानं अधूनमधून येऊन मेलेल्या डिस्क तेवढ्या बदलाव्यात. ‘हॉट’ या शब्दात तापण्याचा काही संबंध नाही. वीजपुरवठा चालू, केबल जोडलेली, बोलावणं आलं की लगेच कामाला. डिस्कांचा कारभार पाहणाऱ्या कंट्रोलरला एखादी डिस्क उत्तर देईनाशी झाली की तो स्पेअर पुढे ओढतो आणि उरलेल्यांवरून हिशेब मांडत ती भरत जातो.

पुढे डिस्कची क्षमता जितकी वाढली, तितका वेग वाढला नाही. २० टेराबाइटची डिस्क सेकंदाला २५० मेगाबाइटनं भरायची तर बावीस तास लागतात. म्हणजे पुन्हा जवळजवळ त्याच चोवीस तासांशी गाठ. शिवाय जुनं दुखणं होतंच: वर्षभर नुसत्या बसलेल्या स्टेपनीत हवा आहे का, हे पंक्चर झाल्यावरच कळतं.

यावर १९९२ मध्ये आयबीएमच्या जय मेनन आणि डिक मॅटसन यांनी वेगळी वाट मांडली. स्पेअर वेगळी ठेवूच नका. तिच्याएवढी रिकामी जागा सगळ्या डिस्कांवर वाटून द्या. मग प्रत्येक डिस्क रोज काम करते, म्हणून तिचं दुखणं वेळीच कळतं. आणि भरायची वेळ आली की सगळ्या मिळून थोडं थोडं लिहितात. २०२१ मध्ये ओपन-झेडएफएस या फाइल-प्रणालीत आलेली ‘डी-रेड’ याच वाटेवरची. आता स्टेपनी दाखवा म्हटलं, तर बोट दाखवायला वेगळं चाक नाही. ती थोडी थोडी प्रत्येक चाकात फिरते आहे.